फोटोंचा क्लाउड बॅकअप

मोबाइलमधले किंवा संगणकातले घरचे फोटो आणि व्हिडिओ इंटरनेटवरून एखाद्या सेवेच्या सर्व्हरवर चढवणे, तिथे ते लावून ठेवणे आणि उपकरण हरवले, फुटले किंवा भिजले तरी ते परत मिळवता येणे, या व्यवस्थेला फोटोंचा क्लाउड बॅकअप म्हणतात. अँड्रॉइड फोनवर यासाठी बहुतेक जण गूगल फोटोज वापरतात, आयफोनवर आयक्लाउड फोटोज. वनड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स या सेवांमध्येही फोटो आपोआप चढवण्याची सोय आहे.

नागपूरकरांना घराबाहेरच्या प्रतीची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, तळमजल्यांवर पाणी शिरले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अल्बम, टेबलाखालचा संगणक आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क अशा वेळी एकदमच पाण्यात जातात. एकाच घरात तीन प्रती असल्या तरी पुरापुढे ती एकच प्रत ठरते.

सिंक आणि बॅकअप

बरेच फोटो जातात ते या दोन शब्दांच्या घोळामुळे. सिंक म्हणजे फोन आणि सर्व्हर या दोन्हीकडे सारखीच स्थिती ठेवणे. फोनवर फोटो काढला की तो वर जातो, फोनवर पुसला की वरचाही पुसला जातो. आयक्लाउड फोटोज याच पद्धतीने चालते. गूगल फोटोजच्या ॲपमधून बॅकअप झालेला फोटो काढून टाकला तर तोही फोन आणि सर्व्हर दोन्हीकडून जातो. ‘फोन भरला म्हणून पुसले, वर आहेतच ना’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचे आहे. जागाच करायची असेल तर गूगल फोटोजमधला ‘जागा मोकळी करा’ हा पर्याय वापरावा. त्याने वर पोचलेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत पुसली जाते. चुकून पुसलेला फोटो गूगलच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. बॅकअप झालेला नसेल तर मुदत ३० दिवसांची. आयक्लाउडच्या ‘नुकतेच हटवलेले’ या फोल्डरमध्येही ३० दिवसच मिळतात. त्यानंतर तो कुणालाच आणता येत नाही.

खरा बॅकअप म्हणजे फोनवर काहीही केले तरी जिला धक्का लागत नाही अशी प्रत. क्लाउड हे त्या व्यवस्थेचे अर्धे अंग आहे. उरलेले अर्धे पुढे दिले आहे.

जागेचा हिशेब

गूगलची मोफत जागा १५ जीबी असते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांच्यात वाटली जाते. आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. ॲपल आणि वनड्राइव्ह ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २ जीबी. १ जून २०२१ पूर्वी गूगलवर ‘उच्च गुणवत्ता’ या दर्जात चढवलेले फोटो जागेत मोजले जात नाहीत, त्या तारखेपासूनचे मोजले जातात. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो ३ ते ५ एमबीचा असतो. जागा खरी खातात ते व्हिडिओ: आयफोनवर नेहमीचा १०८० (फुल एचडी) चा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ६० एमबी घेतो, ४के व्हिडिओ १७० एमबी. म्हणजे लग्नातले दीड तासाचे ४के चित्रीकरण १५ जीबी एकटेच संपवते. आणि जागा संपली की नुसते फोटोच थांबत नाहीत, जीमेलवर मेल येणेही बंद होते. बँकेचे किंवा शाळेचे मेल आले नाहीत म्हणून शोध घेतला की कारण गॅलरीत सापडते.

गूगल फोटोजमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ हा दर्जा निवडला तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो आणि १०८० पेक्षा मोठे व्हिडिओ लहान केले जातात. रोजच्या फोटोंना तो पुरतो. लग्न, बारसे आणि स्कॅन केलेले जुने फोटो मात्र मूळ दर्जातच ठेवावेत, कारण एकदा कमी झालेला दर्जा परत वाढवता येत नाही.

सुरू करताना

पहिली गोष्ट तपासायची ती खाते कोणते आहे. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, नवा फोन घेतला की दुकानातला मुलगा तिथल्या तिथे नवे जीमेल खाते उघडून देतो. पासवर्ड त्यालाच माहीत असतो किंवा कुणालाच नसतो. वर्ष-दोन वर्षांचे फोटो त्या खात्यात साठतात आणि फोन गेला की खात्याचे दारही बंद होते. म्हणून ॲपमध्ये उजवीकडे वरच्या गोलावर बोट टेकवून खात्याचा पत्ता आधी वाचावा, पासवर्ड स्वतः बदलावा, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करावी आणि गूगल देते ते १० बॅकअप कोड छापून पासबुकासोबत ठेवावेत. सिमकार्ड फोनसोबत चोरीला गेले तर ओटीपी येणार नाही, तेव्हा हेच कोड कामी येतात.

मग सेटिंगमध्ये बॅकअप सुरू करून वाय-फायवरच चढवण्याचा पर्याय ठेवावा. अपलोडचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर १०० जीबी चढायला सुमारे ११ तास लागतात. प्रत्यक्षात दोन-तीन रात्री धराव्यात. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले ॲप बंद करतात आणि बॅकअप अर्ध्यावर अडकतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये फोटोजला ‘निर्बंध नाही’ केले की तो पुढे सरकतो. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असतो, तर ॲपल आपल्या फोनसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगते. तापलेला फोन चार्जिंग मंद करतो, कधी थांबवतोही. पहिला मोठा बॅकअप रात्री, फोनचे कव्हर काढून, पंख्याखाली चालवावा.

व्हॉट्सॲपच्या फोटोंचे फोल्डर सहसा आपोआप चढत नाही, ते वेगळे सुरू करावे लागते. ते सरसकट चढवू नये. शुभ सकाळचे गुच्छ आणि एकच फोटो पाच ग्रुपमधून पाच वेळा, असा ढीग वर जातो.

लावणे आणि शोधणे

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची तारीख, वेळ आणि बहुधा ठिकाण नोंदलेले असते. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. क्लाउड सेवा त्याच आधारावर फोटो क्रमाने लावते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ही नोंद उरत नाही. नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे असलेली फाइल ज्या दिवशी मिळाली त्या दिवसात जाऊन बसते. २०१९ च्या लग्नातला फोटो काकूंनी २०२५ मध्ये ग्रुपवर टाकला तर तो २०२५ मध्येच दिसेल. घरच्यांकडून चांगला फोटो हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा. असे पाठवल्यास दर्जाही टिकतो आणि तारीखही.

आपले सण तिथीने येतात, त्यामुळे नुसत्या महिन्यावरून शोधले की हाती लागत नाहीत. पोळा २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, आणि नागपूरच्या महाल-इतवारीतली काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, एकाच दिवशी येतात. गर्दीत धरून ठेवलेल्या बटणाने मारबतीचे दोनशे फोटो निघतात आणि लाकडी बैल ओढणारे लेकरू त्यात दबून जाते. त्याच संध्याकाळी दोनशेतले दहा ठेवावेत आणि ‘२०२५ तान्हा पोळा’, ‘२०२५ मारबत’ असे दोन अल्बम करावेत. वर्ष आधी लिहिले की अल्बम आपोआप क्रमाने लागतात.

कागदी फोटो

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे. पावसाळ्याच्या दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर चिकट होतो आणि स्कॅनरच्या काचेला चिकटतो. ४×६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयने (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन केला की २४००×३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे साधारण ८६ लाख. घरगुती वापराला ते भरपूर झाले. पासपोर्ट आकाराला १२०० डीपीआय घ्यावे. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो नखाने उचकटू नये. दातांच्या फ्लॉसचा धागा त्याच्या मागून हळू सरकवावा, तरी सुटला नाही तर पानासकट स्कॅन करावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच घ्यावा. मागची बाजूही स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या हातची तारीख तिथेच असते. फोटोतली माणसे ओळखणारी आजी घरात आहे तोवर तिच्याजवळ बसून नावे लिहून घ्यावीत. ते काम कोणत्याही सेवेला जमणारे नाही.

स्कॅनला स्कॅन केल्याची तारीख लागते. क्लाउडमध्ये ती दुरुस्त करता येते, पण दुरुस्ती फाइलमध्ये न जाता सेवेच्या नोंदीत राहते. म्हणून चढवण्याआधीच एक्झिफटूल या मोफत साधनाने फाइलमध्ये तारीख घालावी. ते जमत नसेल तर निदान फाइलचे नाव ‘१९८७-०५ आत्याचे लग्न’ असे द्यावे.

दुसरी प्रत

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर: छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हा नियम घरगुती फोटोंनाही लागू पडतो. दर तीन महिन्यांनी टेकआउट या गूगलच्या माहिती उतरवण्याच्या सोयीतून सगळे फोटो झिप फाइलींत उतरवून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावेत. प्रत्येक फोटोसोबत येणाऱ्या जेसन (.json) फाइली पुसू नयेत. दुरुस्त केलेल्या तारखा आणि वर्णने त्यांतच असतात. झिप उघडून चार-पाच फोटो प्रत्यक्ष पाहावेत, कारण अर्धवट उतरलेली झिप बाहेरून पूर्ण फाइलीसारखीच दिसते. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये, उष्णतेत पडून राहिलेली फ्लॅश मेमरी लवकर विसरते. डिस्क दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी, मात्र ते घरही नदीकाठी असेल तर उपयोग नाही.

खाते कोणाच्या हाती

दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या फोटोंसकट गूगल काढून टाकू शकते. गूगलच्या ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ या सोयीत ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून १० पर्यंत विश्वासू माणसे नेमता येतात. ॲपलमध्ये वारसदार नेमला की एक प्रवेश-किल्ली मिळते. मृत्यूनंतर ती किल्ली आणि मृत्यू प्रमाणपत्र दोन्ही द्यावे लागते. प्रमाणपत्र महापालिकेतून नंतरही मिळते, पण किल्ली आधीच छापून त्या माणसाच्या हाती दिलेली असावी लागते.