बोल्ट-ॲक्शन व अर्धस्वयंचलित रायफलींची अचूकता

बोल्ट-ॲक्शन रायफलीत गोळी झाडली की नेमबाज हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढून रिकामे काडतूस बाहेर टाकतो व नवे भरतो. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम बहुधा गोळीमागचा वायू करतो. चाप मात्र दर गोळीला नव्याने ओढावा लागतो. कोकण किनाऱ्यावरच्या लोकांना हे दोन प्रकार पोलिसांच्या खांद्यावरच्या अनुक्रमे ‘थ्री नॉट थ्री’ (.३०३) आणि ‘एसएलआर’ (सेल्फ लोडिंग रायफल) या नावांनी परिचित आहेत. डुकरे हाकायला शेतकरी बाळगतो ती ठासणीची बंदूक यांत येत नाही. तिच्या नळीत गोळीला गिरकी देणारे पीळदार खाचे नसतात, म्हणून ती रायफलच नव्हे.

एकाच जागी नेम धरून झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात, यावर अचूकता ठरते. चांदमारीवर याला ग्रुपिंग म्हणतात. मोजमाप कोनाच्या मिनिटात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात होते: १ मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंमी. उत्तम बांधणीची बोल्ट रायफल १ मिनिटाच्या आत बसते, तर साध्या लष्करी अर्धस्वयंचलित रायफलीचा पसारा २ ते ४ मिनिटांचा असतो. झाडीत ५० मीटरवर १ मिनिटाचा फरक जेमतेम दीड सेंमी भरतो. तिथे रायफलीपेक्षा हात महत्त्वाचा.

‘आतले भाग हलतात म्हणून गोळी हलते’ हा समज अर्धाच खरा आहे. एसएलआरचा बोल्ट उघडेपर्यंत गोळी नळीबाहेर पडलेली असते. फरक येतो तो दुसरीकडून. वायूची नळकांडी व दट्ट्या नळीला जोडलेले असल्याने तिचे कंपन बदलते. घाणीतही काडतूस अडकू नये म्हणून त्याचे घर किंचित सैल ठेवतात, आणि काडतूस त्यात आदळतच शिरते. शिवाय एसएलआरची नेम धरायची पुढची साईट नळीवर, तर मागची बिजागरीने उघडणाऱ्या खालच्या भागावर असते. हा जोड झिजला की नेम सरकतो.

पण बोल्ट आहे म्हणजे रायफल आपोआप अचूक, असेही नाही. ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजे ली-एनफिल्ड. तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, १८९८ च्या माउझर या जर्मन रायफलीसारखा पुढे नाही. त्यामुळे गोळी सुटताना तो किंचित दबतो. उलट, नळीला इतर भागांचा स्पर्श होऊ न देता काळजीने बांधलेल्या आजच्या अर्धस्वयंचलित रायफली १ मिनिटाच्या आसपास पोचतात. दूरच्या नेमबाजीसाठी भारतीय लष्कराने वापरलेली रशियन बनावटीची ड्रागुनोव्ह रायफलही अर्धस्वयंचलितच आहे.

कागदावरचे ग्रुपिंग आणि प्रसंगी लागणारा नेम वेगळे असतात. बोल्ट फिरवताना हात चापावरून निघतो, पवित्रा मोडतो आणि दुसरी गोळी उशिरा सुटते. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ होत्या. त्यांना अचूकतेने दगा दिला असे म्हणणे चूक ठरेल. कमी पडला तो गोळीबाराचा वेग. स्पर्धेत मात्र ही घाई नसते. ५० मीटर रायफल प्रकारात दर गोळी हातानेच भरावी लागते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घाटावरच्या कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी याच प्रकारात कांस्यपदक मिळवले.

कोकणात या हिशेबात हवाही धरावी लागते. ली-एनफिल्डचे लाकूड नळीच्या तोंडापर्यंत जाते. चार महिन्यांच्या पावसात ते फुगले की नळीवर दाब येतो आणि मे महिन्यात लावलेला नेम गणपतीपर्यंत टिकत नाही. एसएलआरचे लाकूड नळीला असे आवळत नाही, म्हणून इथे ती उजवी ठरू शकते. खाऱ्या वाऱ्यामुळे दोन्हींच्या नळ्यांना तेल लावून ठेवावेच लागते. मात्र ते न पुसता झाडलेली पहिली गोळी बाकीच्यांपासून बाजूला पडते, म्हणून ग्रुपिंग घेण्याआधी नळी कोरडी करतात.