सोलापूर : अक्षय ऊर्जा व हवामान कृतीस स्थानिक स्वराज्य संस्थांचे पाठबळ

सोलापूर महानगरपालिका, जिल्हा परिषद, नगरपरिषदा व ग्रामपंचायती सौर व जैव ऊर्जेला कशी चालना देतात आणि वाढते तापमान व पाणीटंचाई यांना तोंड देण्यासाठी काय करतात, हा या नोंदीचा विषय आहे. वीज तयार करणे किंवा विकणे या संस्थांपैकी कोणाच्याच हाती नाही. मुंबईच्या बेस्ट उपक्रमासारखी वीजवितरणाची सोय सोलापुरात नाही. येथे मीटर महावितरणचे, दर वीज नियामक आयोगाने ठरवलेले आणि अनुदान केंद्राचे किंवा राज्याचे. स्थानिक संस्थेकडे उरतात ते बांधकाम परवाना, मिळकतकर, कचरा, गायरानासाठीचा ठराव आणि स्वतःचे वीजबिल. यांपैकी शेवटच्या बाबीकडे धोरणाच्या चर्चेत फारसे कोणी पाहत नाही, पण सोलापूरपुरती तीच सर्वांत वजनदार आहे.

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. वर्षाकाठी पाऊस साधारण ५५० मिलिमीटर, तोही लहरी. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असणे नेहमीचेच. सौरऊर्जेला असे ऊन लाभते हे खरे, मात्र सर्वाधिक उन्हाच्या महिन्यातच सर्वाधिक वीज मिळेल असे नाही. पॅनेल तापले की त्याची कार्यक्षमता उतरते, आणि पत्र्याच्या छपराला चिकटून बसवलेले पॅनेल मे महिन्यात चांगलेच तापते. त्यात धूळ. पॅनेल धुवायला पाणी लागते आणि शहरातल्या अनेक भागांत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येते. तेव्हा आधी पिंप भरायचे की गच्चीवर पाइप न्यायचा, हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

सोलापुरात पाणी आणि वीज वेगळे काढता येत नाहीत. शहराला उजनी धरण, भीमेवरचा औज बंधारा व टाकळी पंपगृह आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव अशा तीन ठिकाणांहून पाणी मिळते. उजनीचे पाणी पंपाने उचलून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि तेथून शहरात येते. उजनी पंपगृहाचा वीजपुरवठा काही तास बंद पडला की दुसऱ्या दिवशी ‘पाणीपुरवठा एक दिवस उशिरा’ असे निवेदन निघते आणि पेठांमधले सगळे वेळापत्रक सरकते. औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीपात्रात पाणी सोडावे लागते. वाटेत बाष्पीभवन, जिरवण व उपसा होत असल्याने शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी खर्ची पडते. सुमारे ११० किलोमीटर लांबीची, दिवसाला १७० दशलक्ष लिटर क्षमतेची उजनी-सोलापूर समांतर जलवाहिनी हाती घेतली गेली ती याच कारणाने. तिची गणना सहसा हवामान योजनांमध्ये होत नाही, ती व्हायला हवी. गळती थांबवणे, जुने पंप बदलणे आणि पंपगृहे व मलनिस्सारण केंद्रांच्या जागेत सौर पॅनेल बसवणे यांतून जी वीज वाचेल, तिच्यापुढे कार्यालयांच्या छपरांवरचे काही किलोवॅट किरकोळ ठरतात.

दक्षिण सोलापूर तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडी परिसरात एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचे १,३२० मेगावॅटचे कोळशावर चालणारे केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे त्याचे दोन संच २०१७ ते २०१९ या काळात सुरू झाले. हे केंद्रही उजनीवरच अवलंबून आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार मलनिस्सारण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरायचे आहे. सोलापूर महापालिकेचे मोठे मलनिस्सारण केंद्र देगावला आहे. तेथले पाणी विजेसाठी द्यायचे, की आजवर ते उपसणाऱ्या शेतकऱ्यांचा विचार करायचा, हा निर्णय दिसतो तितका सरळ नाही.

कचऱ्यापासून वीज करण्याच्या बाबतीत सोलापूर राज्यात लवकर पुढे आले. तुळजापूर रस्त्यावर महापालिकेच्या कचऱ्यावर चालणारा जैवमिथेनीकरण प्रकल्प खासगी भागीदारीतून उभा राहिला. ओला कचरा बंद टाकीत कुजवायचा, वायू इंजिनाला द्यायचा, उरलेल्याचे खत करायचे, अशी त्याची पद्धत. यंत्रापेक्षा अडचण घंटागाडीत आहे. ओल्यात सुका, सुक्यात बांधकामाचा राडारोडा आला की टाकीत जे जायला हवे तेच कमी जाते, आणि उन्हाळ्यात डेपोतल्या साठलेल्या कचऱ्याला आगी लागतात. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या (२०१९) शहरांत सोलापूर असल्याने डेपोचा धूर महापालिकेच्या दुसऱ्या खात्यालाही भोवतो.

इमारतींबाबत आधार आहे तो राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीचा (२०२०). रुग्णालये, हॉटेले, वसतिगृहे यांसारख्या इमारतींना सौर उष्णजल किंवा छतावरील सौर वीज यंत्रणा त्यात सांगितली आहे. भोगवटा प्रमाणपत्र देताना ती चालू आहे का, हे पाहणे महापालिकेचे काम. घरगुती ग्राहकांसाठी २०२४ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व पुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. स्थानिक संस्थेला प्रत्येक जोडणीमागे १,००० रुपये प्रोत्साहन मिळते. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या वस्तीत मात्र योजना कागदांशी अडते : मीटर आजोबांच्या नावावर, उताऱ्यावर चार भाऊ, खाली माग आणि वर बिऱ्हाड. चादरी व टॉवेलांच्या कारखान्यांना दिवसा चालणाऱ्या मागासाठी सौर वीज सोयीची आहे, पण जुने पत्रे पॅनेलचे ओझे पेलतील का, हे आधी तपासावे लागते.

ग्रामीण भागात पंपाला दिवसा वीज हवी, ही जुनी मागणी आहे. आठवड्यातले काही दिवस रात्रपाळी आली की विंचू-सापाच्या भीतीत दारे धरावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना (२०१७, दुसरा टप्पा २०२३) उपकेंद्राजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभारून शेतीचे फिडर, म्हणजे पंपांना वीज देणाऱ्या वाहिन्या, सौर विजेवर आणते. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान १,२५,००० रुपये भाडे आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षे निधी, अशी तरतूद आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के आहे. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात हे सोयीचे. उसाच्या पट्ट्यात मात्र दिवसा फुकटात उपसा होऊ लागला की विहीर-बोअरवेलची पातळी कोण राखणार, याचे उत्तर ऊर्जा योजनेत नाही.

ऊस आला म्हणजे बगॅसही, रस काढून उरलेले चिपाड, आले. जिल्ह्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या सहवीजप्रकल्पांत ते जाळून वीज होते आणि जादा वीज ग्रिडला जाते. जिल्ह्यात अक्षय ऊर्जेची ही जुनी वाट आहे. स्थानिक संस्थेचा तिच्याशी संबंध परवान्यापुरता, पण तोही निर्णायक ठरू शकतो. कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजप्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाला अडथळा आणि बांधकाम परवान्याचा प्रश्न या कारणांवरून १५ जून २०२३ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. विमानसेवा हवी म्हणणारे आणि कारखान्याचे सभासद यांच्यात शहर वर्षानुवर्षे दुभंगले होते. 

धोरणाच्या पातळीवर २ ऑक्टोबर २०२० पासून राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान चालते. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांनुसार शहरे व गावे यांना गुण मिळतात. ऊर्जाबचत व अक्षय ऊर्जा ‘अग्नी’खाली येते. मुंबईपाठोपाठ नाशिक, छत्रपती संभाजीनगर व सोलापूर यांच्या हवामान कृती आराखड्यांचे कामही हाती घेण्यात आले. पीएम ई-बस सेवेत (२०२३) सोलापूरला १०० बस मंजूर झाल्या. मात्र मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका व जिल्हा परिषद दोन्हीकडे प्रशासक आले आणि पुढची काही वर्षे हे निर्णय सभागृहाविना झाले. योजना थांबल्या नाहीत. त्यांवर प्रभागातून प्रश्न विचारणारे मात्र उरले नाहीत.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक. महसुली कागदांवर पड म्हणून लिहिलेले माळरान सौर प्रकल्पांना सहज मिळते असे वाटते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. बाहेर राहिलेल्या माळांवरही लांडगा, काळवीट आणि धाविक पक्षी वावरतात. माळढोकासारख्या जड पक्ष्याला समोरची उच्चदाब तार वेळेत दिसत नाही. गायरानावर मेंढपाळांची चराई असते ती वेगळीच. ग्रामसभेत प्रकल्पाचा ठराव येतो तेव्हा ५ लाखांचा निधी मांडणारे बरेच असतात. मेंढरे घेऊन रानात गेलेला माणूस त्या दिवशी सभेला नसतो.