टीव्ही काढून प्रोजेक्टर लावण्याआधी सोप्यातला उजेड बघा

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. त्याला येतं ते फक्त उजेड टाकायला. चित्रात जिथे काळं हवं, तिथे तो उजेड अडवतो आणि मग तिथे उरते ती नुसती भिंत, त्या घटकेला खोलीत जेवढी उजळलेली असेल तेवढी. दुपारी दोन वाजता बेळगावच्या टिळकवाडीतल्या तीन खिडक्यांच्या हॉलमध्ये ती भिंत पांढरीच असते. म्हणजे मालिकेतल्या सासूबाईंचे काळेभोर केस आणि तुमचा डिस्टेंपर, दोन्ही एकाच रंगाचे. टीव्हीचा पडदा मुळातच काळसर असतो, म्हणून त्याचं दिवसाउजेडी भागतं.

‘टीव्ही काढून प्रोजेक्टरच लावूया काय?’ असं घरात कुणी विचारलं, की सगळे आधी किंमत आणि इंच बघतात. माझ्या मते आधी खोली बघावी. थोडा हिशेब करू. शंभर इंची चित्र साधारण २.२ मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच, म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. प्रोजेक्टरने एकूण २०० ल्युमेन उजेड फेकला, तर दर चौरस मीटरला त्यातले सुमारे ७३ पडतात. यालाच ७३ लक्स म्हणायचं. दिवसा खिडकीतून भिंतीवर १५० लक्स येत असले, तर चित्रातला पांढरा भाग २२३ लक्सचा आणि ‘काळा’ भाग १५० चा. दोघांत फरक जेमतेम दीडपट. रात्री दिवे घालवले आणि गल्लीतल्या खांबाचा २ लक्स उजेडच काय तो आत आला, तर तोच फरक सदतीसेक पटींवर जातो. यंत्र तेच, भिंत तीच.

गंमत म्हणजे थिएटरचा पडदा टीव्हीपेक्षा पुष्कळ मंद असतो. पडद्याची चकाकी निट्समध्ये मोजतात. चित्रपटगृहांसाठी प्रमाण मानलेली चकाकी ४८ निट्स आहे, तर घरातला साधा टीव्ही २५० ते ४०० निट्सचा. तरी थिएटरात कमी वाटत नाही, कारण अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि दृष्टिपटलही हळूहळू जास्त संवेदनशील होतं. शंभर इंचांवर ती ४८ निट्सची चकाकी मिळवायला सव्वाचारशे खरे ल्युमेन पुरतात. अंधाऱ्या खोलीत पाचशे ल्युमेनचा प्रोजेक्टरही त्यामुळे राजेशाही वाटतो. दुपारच्या हॉलमध्ये मात्र अडीच हजार ल्युमेन ओतले तरी फरक सातपटच होतो.

‘खरे’ ल्युमेन म्हणायचं कारण खोका. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर ९००० ल्युमेन सर्रास छापलेले असतात. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी बल्बवर बघा, ८००-९०० ल्युमेन लिहिलेले सापडतील. म्हणजे ९००० साठी उघड्या बल्बालाच ९० वॅट लागतील, आणि या यंत्राचा ॲडॉप्टर असतो साठ-सत्तर वॅटचा. वर आतल्या एका एलसीडी पट्टीतून उजेड जाताना ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने थरथरणारा उजेड पुढे सोडणारा पापुद्रा, निम्मा गिळतो. उरलेल्यातला दोन तृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या खातात. भिंग आणि आरसे त्यानंतरचे. शेवटी भिंतीवर पोचतात ते दोन-तीनशे. म्हणून ‘आन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असा शब्द असेल तोच आकडा धरावा. त्या पद्धतींत पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. ‘१०८० सपोर्टेड’ हीही अशीच चलाखी: यंत्र १०८० आडव्या ओळींचं चित्र आत घेतं, पण दाखवतं ७२० ओळी. शंभर इंचांवर ७२० चा एक ठिपका पावणेदोन मिलिमीटरचा होतो. दहा फुटांवर बसून क्रिकेटचा धावफलक वाचताना तो बोचतो.

आता आपली घरं. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांतलं घर अरुंद तोंडाचं आणि खोल. पुढे सोपा म्हणजे बसायची खोली, मध्ये माजघर, मागे परडं. माजघराला खिडकी नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली गेली. प्रोजेक्टरला याहून चांगली जागा मिळणार नाही, फक्त समोरच्या भिंतीपर्यंत दहाएक फूट मोकळे हवेत. भिंत पिस्ता किंवा पिवळी असेल तर ती आपला रंग चित्रात मिसळणारच. चकाकी नसलेला साधा पांढरा रंग उत्तम. पडदा नंतर घेतला तरी चालेल.

घाटाकडच्या, धो धो पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडे प्रश्न वेगळा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की घरातला उजेड आपोआप उतरतो, ते सोयीचंच. पण त्याच दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. प्रोजेक्टर कपाटात बंद करून ठेवू नये, आठवड्यातून दोनदा तरी चालवावा. आणि वीज. जुन्या पद्धतीच्या दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा काही वेळ फिरत राहतो, दिवा निववण्यासाठी. अचानक लाइट गेली की पंखा थांबतो, उष्णता आतच कोंडते आणि दिव्याचं आयुष्य घटतं. एलईडी किंवा लेझरला हा त्रास बराच कमी, आणि साठ-सत्तर वॅटचं यंत्र घरच्या इन्व्हर्टरवरही चालतं.

खरा अडसर आजींचा आहे. सकाळच्या अभंगांपासून रात्रीच्या मालिकेपर्यंत, मध्ये नातवाच्या कन्नड कार्टूनसकट, टीव्ही दहा तास चालत असेल तर वर्षाचे ३६५० तास झाले. दिव्याचं आयुष्य चार हजार तासांच्या आसपास धरलं, तर सव्वा वर्षाच्या आत नवा दिवा. एलईडी-लेझर वीस हजारांच्या पुढे जातात, पण दिवसभर खिडक्यांचे पडदे ओढून कोण बसणार? भाजी निवडता निवडता टीव्ही बघायचा असतो, त्याला उजेड लागतो. अशा घरात टीव्ही हलवू नये. पैसे असतील तर माजघरात प्रोजेक्टर दुसरा म्हणून घ्यावा. फक्त रात्री जेवणानंतर बघणारं जोडपं किंवा खोली घेऊन राहणारी पोरं असतील, तर त्यांनी टीव्ही न घेतलेलाच बरा.

भिंतीला चिकटून वर चित्र टाकणारे लेझर प्रोजेक्टर, खिडकीचा उजेड परतवणाऱ्या खास पडद्यासह, दिवसाही बरं चित्र देतात. पण तेवढ्या पैशांत मोठा टीव्ही येऊन वर पुष्कळ उरतात, म्हणून मला तो सौदा पटत नाही.

दुकानात प्रोजेक्टर नेहमी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात दाखवतात. तिथली ट्यूब लावायला सांगा आणि रात्रीचा एखादा प्रसंग चालू करायला लावा. माणसाचा चेहरा ओळखू आला नाही, तर किंमत विचारायचीही गरज नाही.