रीफ टँकमधल्या प्रवाळांना खायला घालायचं की नाही: वादाची पार्श्वभूमी

प्रवाळाला वेगळं खायला घालावं का, यावर रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, सांभाळणाऱ्यांत अजूनही दोन तट आहेत. एकांचं म्हणणं असं, की दिवे चांगले असले आणि टँकमध्ये चार मासे असले की पुरे. दुसरे रात्री पंप बंद करून पिपेटने एकेका पॉलिपला, म्हणजे प्रवाळाच्या वसाहतीतल्या तोंड असलेल्या एकेका जिवाला, आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीव भरवतात. वाद प्रवाळाच्या भुकेवर चालतो, पण गेल्या चाळीस वर्षांत त्याचं पारडं इकडून तिकडे झुकलं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. घातलेलं खाणं फिल्टरला झेपतंय का, या एका प्रश्नावर बाकी सगळं ठरत गेलं.

सुरुवातीला भरवण्याबद्दल कोणाला शंका नव्हती. एकोणिसाव्या शतकात घरात समुद्री जीव पाळले जाऊ लागले तेव्हा सी ॲनिमोन या प्रवाळाच्या मऊ भावंडाला मांसाचे तुकडे देणं हा रोजचाच भाग होता. १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून उचललेला एक ॲनिमोन असाच भरवला जाऊन १८८७ पर्यंत जगला. बऱ्याच प्रवाळांच्या ऊतीत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर अन्न बनवतं; या ॲनिमोनच्या अंगात तसं शैवाल नव्हतं, म्हणजे एवढी वर्षं तो निव्वळ खाण्यावर होता. पुढे १९२८-२९ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर तळ ठोकून राहिलेल्या ब्रिटिश संशोधकांनी प्रवाळांना हरतऱ्हेचं अन्न देऊन पाहिलं आणि निष्कर्ष काढला, की प्रवाळ हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. अंगातलं शैवाल फक्त टाकाऊ पदार्थ उचलून नेतं, अन्न पुरवत नाही, असं त्यांचं मत पडलं.

दुसरा भाग चुकीचा निघाला. १९५८ मध्ये किरणोत्सारी कार्बन वापरून ॲनिमोनवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की शैवालाने प्रकाशात तयार केलेला कार्बन यजमानाच्या पेशींत पोचतो. पुढच्या पंचवीस वर्षांत हिशेब बारीक होत गेला. भरपूर उजेडातल्या काही प्रवाळांना श्वसनासाठी लागणाऱ्या कार्बनपेक्षा जास्त कार्बन शैवालाकडून मिळतो, असे आकडे आले. ‘नव्वद टक्के अन्न प्रकाशातून’ हे वाक्य छंदाच्या जगात रुजलं ते या संशोधनाच्या आधाराने.

इथे मोठी गफलत झाली. ते आकडे कार्बनचे होते, म्हणजे ऊर्जेचे. शैवालाकडून मिळतं त्यात मुख्यतः ग्लिसरॉल, साखर आणि चरबी असते; नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यामानाने फार थोडे. त्यावर दिवस निघतो, पण नवी ऊती बांधायला प्रथिनं लागतात आणि त्यांचा कच्चा माल बाहेरूनच यावा लागतो: पकडलेल्या प्लवकांतून (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांतून), तरंगत्या कणांतून किंवा पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनमधून. ‘ऊर्जा’ आणि ‘अन्न’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले आणि ज्या प्राण्याला तोंड आहे, जठर आहे, दंशपेशींनी भरलेले स्पर्शक आहेत, त्याला आपण जवळजवळ वनस्पती मानून बसलो. माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच.

१९८०च्या दशकात बर्लिन पद्धत पसरली. लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले समुद्री खडक), जोरकस प्रोटीन स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र), मेटल हॅलाइडचे दिवे आणि कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी, एवढ्यावर घरच्या टँकमध्ये दगडी (चुन्याचा सांगाडा बांधणारे) प्रवाळ पहिल्यांदा वर्षानुवर्षं टिकू लागले. या पद्धतीचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण स्किमर विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांबरोबर बारीक कण आणि प्लवकही उचलतो. खायला घातलं की ते कुजून पाण्यातलं नायट्रेट चढायचं, खडकांवर केसाळ शैवाल माजायचं आणि दोष खाण्याला जायचा. म्हणून सल्ला ठरून गेला: माशांना घालाल त्यातलं उरलंसुरलं प्रवाळांना पुरतं.

त्यातून पुढे सर्वांत वादग्रस्त निर्णय आला: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर ठेवायचे. मुद्दा वरवर बिनतोड होता. खऱ्या रीफवरच्या पाण्यात हे दोन्ही घटक नगण्य असतात, मग टँकमध्येही तसेच हवेत. पण रीफवर आकडा लहान असला तरी पाणी थांबलेलं नसतं. रात्री खोल पाण्यातून वर येणारं प्राणिप्लवक, माशांची विष्ठा, तुटलेलं शैवाल, श्लेष्माचे धागे हे सगळं प्रवाहाबरोबर तासन्‌तास प्रवाळावरून जात असतं. पाण्याची बाटली भरून तपासली तर त्या वाहत्या पुरवठ्याचा पत्ता लागत नाही. आपण रीफचा आकडा टँकमध्ये आणला, त्यामागचा पुरवठा आणला नाही. शिवाय घरगुती टेस्ट किटमधलं ‘शून्य’ म्हणजे त्या किटला दिसण्याइतकंही उरलेलं नाही, एवढाच अर्थ.

२०००च्या दशकात हे टोक गाठलं गेलं. फॉस्फेट शोषणारे लोहऑक्साइडचे दाणे आले, झिओलाइट या सच्छिद्र खनिजावर आधारलेल्या पद्धती आल्या, व्होडका किंवा व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून जिवाणू वाढवायचे आणि ते स्किमरने काढून घ्यायचे ही युक्ती आली. ॲक्रोपोरा हे फांद्यांचे दगडी प्रवाळ फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसू लागले. निळ्या दिव्यांत ते रंग फार मोहक वाटायचे. पण फांदी जवळून पाहिली तर ऊती इतकी पातळ की खालच्या सांगाड्याचा प्रत्येक कप उठून दिसे. अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेटांची पातळी) थोडी चढली की टोकं जळत, आणि बुडापासून ऊती सोलत वर गेली की फांदी वाचणं अवघड. याच पद्धतींबरोबर अमिनो आम्लांच्या बाटल्याही वापरायला सांगितलेल्या असत. पाण्यातून काढलेला नायट्रोजन थेंबांनी परत द्यावा लागत होता, याकडे तेव्हा फार थोड्यांनी लक्ष दिलं.

त्याआधी, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, वनस्पतिप्लवकाच्या, म्हणजे तरंगत्या सूक्ष्म शैवालाच्या, बाटल्यांची लाट येऊन गेली होती. डेंड्रोनेफ्थियासारखे मऊ प्रवाळ वनस्पतिप्लवक खातात हे तांबड्या समुद्रातल्या अभ्यासात १९९५ मध्ये दिसलं होतं. ते सगळ्याच प्रवाळांना लावलं गेलं. बहुतेक दगडी प्रवाळांना प्राणिप्लवक हवं असतं. हिरव्या पाण्याचा त्यांना थेट उपयोग कमीच. बाटल्यांचा गुण न आल्याने ‘भरवून काही होत नाही’ ही समजूत मात्र आणखी घट्ट झाली.

भरवण्याची विद्या टिकवली ती ज्यांच्याकडे ट्युबॅस्ट्रिया होतं त्यांनी. या प्रवाळात शैवालच नाही, म्हणून दिव्यांचा आधार नाही. दिवे मालवून थोडा मांसाचा रस पाण्यात सोडला की वीस-तीस मिनिटांत नारिंगी पॉलिप फुलतात. पिपेटमधून सुटलेला आर्टेमिया स्पर्शकाला लागताच चिकटतो, स्पर्शक आत वळतो आणि मधली चीर उघडते. तोंड मिटेपर्यंत कोळंबीला दूर ठेवावं लागतं, नाहीतर ती पॉलिपच्या पोटात पाय घालून घास ओढून नेते. हे एकदा पाहिलेल्या माणसाला प्रवाळ हा प्राणी आहे हे पुन्हा सांगावं लागत नाही.

दरम्यान प्रयोगशाळांतून पुरावा साठत होता. स्टायलोफोरा या दगडी प्रवाळाला प्राणिप्लवक दिल्यावर ऊतीबरोबर सांगाड्याची वाढही वेगाने झाली. २००६ मध्ये हवाईतल्या माँटिपोरा कॅपिटाटाबद्दल प्रसिद्ध झालं, की विरंजनानंतर, म्हणजे अंगातलं शैवाल गमावून पांढरं पडल्यावर, हे प्रवाळ खाणं वाढवून आपली रोजची ऊर्जेची गरज भागवू शकतं. २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार असेल, तर उष्णता आणि प्रखर प्रकाशात प्रवाळ लवकर पांढरं पडतं. घरच्या टँकमध्येही शून्याच्या मागे लागलेल्यांना डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांच्या तपकिरी, बुडबुडे धरणाऱ्या चिकट थराने गाठलं होतं, आणि तो थर शून्य पोषकांच्या पाण्यात सर्वांत जास्त फोफावतो हे अनुभवाने कळत गेलं.

म्हणून आज तेच लोक सोडियम नायट्रेट विकत घेऊन टँकमध्ये घालतात. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम ही पूर्वी धोक्याची वाटणारी पातळी आता अनेक जण मुद्दाम राखतात. यात जुना गोंधळ वेगळ्या रूपात परत येतोय. विरघळलेलं नायट्रेट मुख्यतः प्रवाळाच्या अंगातल्या शैवालाच्या कामी येतं, तोंडातून गेलेला घास पॉलिपच्या. आणि ‘माझे आकडे बरोबर आहेत’ म्हणून पिपेट कपाटात ठेवणारे पुन्हा वाढू लागले आहेत. त्यांच्या टँकमधल्या मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांचे स्पर्शक आजही दिवे गेल्यावर तासाभरात बाहेर येतात.