चित्रपुस्तक फक्त बालवाडीपुरते नसते

‘चित्रांची पुस्तके अक्षरओळख होईपर्यंतच, चौथी-पाचवीनंतर ती हातात देणे म्हणजे मुलाला मागे नेणे’ हा समज पालकांत आणि शिक्षकांतही वर्षानुवर्षे रुजलेला आहे, तो चुकीचा आहे. मजकूर थोडा म्हणजे आशय सोपा, हे गृहीतकच मुळात टिकत नाही.

ब्रिटिश लेखिका-चित्रकार पॅट हचिन्स यांचे १९६८ साली प्रसिद्ध झालेले ‘रोझीज वॉक’ हे चित्रपुस्तक पाहावे. संपूर्ण पुस्तकात एकच वाक्य आहे, अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांचे: कोंबडी फिरायला निघते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर कोल्हा आहे. तो झेप घेतो, दाताळ्यावर पाय पडून दांडा नाकावर बसतो, पुढे तळ्यात कोसळतो, आणि या कोल्ह्याचा मजकुरात एकदाही उल्लेख नाही. निवेदक काय लपवतो, वाचकाला पात्रापेक्षा अधिक कसे कळते, कोंबडीला खरोखरच काही ठाऊक नसते का, हे प्रश्न आठवीच्या वर्गातही तास पुरणार नाही इतके खोल आहेत, आणि उत्तरासाठी प्रत्येकाला चित्रातला पुरावा बोट ठेवून दाखवावा लागतो. माझ्या मते नाट्यात्म उपरोध, म्हणजे पात्राला ठाऊक नसलेले वाचकाला ठाऊक असणे, शिकवायला याहून नेमके साधन क्वचितच सापडेल.