सातशे अब्ज ठिपके आणि एक बोट

अ‍ॅम्स्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये रेम्ब्राँचे १६४२ सालचे 'नाइट वॉच' हे चित्र पाहणाऱ्याला काही पावले मागेच थांबावे लागते. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मात्र तोच प्रेक्षक दोन बोटांनी चित्र मोठे करत करत कप्तानाच्या डोळ्यापर्यंत जातो आणि तिथे त्याला वाळलेल्या रंगाला गेलेले बारीक तडे दिसू लागतात. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या या प्रतिमेत ७१७ अब्ज पिक्सेल आहेत. ८,४३९ छायाचित्रे जोडून ती तयार झाली असून तिच्यातील शेजारच्या दोन पिक्सेलांमधले अंतर प्रत्यक्ष चित्रावर अवघे ५ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी भरते.

एवढी प्रतिमा साध्या फोनच्या स्मृतीत मावणे शक्यच नाही. तरीही ती अडखळत नाही, कारण ती फोनवर पूर्ण अशी कधी येतच नाही. सर्व्हरवर तिच्या एकापेक्षा एक लहान प्रती, प्रत्येक वेळी लांबी-रुंदी निम्मी करत, पिरॅमिडसारख्या रचून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक प्रतीचे चौकोनी तुकडे पाडलेले असतात. तुकड्याची बाजू २५६ पिक्सेल धरली, तर फोनचा पडदा भरायला पन्नास-साठ तुकडे पुरतात. बोट सरकले की तेवढेच नवे तुकडे मागवले जातात. पायरी बदलताना चित्र क्षणभर धूसर होऊन मग स्वच्छ होते, ते याचमुळे. या साऱ्या लहान प्रतींसाठी जागा मूळ प्रतिमेच्या जेमतेम एक-तृतीयांश जास्त लागते, हा या युक्तीतला मला सर्वांत देखणा वाटणारा हिशेब.

तंत्राने जवळीक दिली, तरी ती टिकवायचे काम मांडणीचे असते. याच संग्रहालयाने २०१२ मध्ये सुमारे सव्वा लाख प्रतिमा खुल्या केल्या, तेव्हा प्रेक्षकाला चित्राचा हवा तो तुकडा कापून स्वतःच्या संग्रहात ठेवण्याची सोय दिली. असा तुकडा निवडण्यासाठी चित्र निरखून पाहावेच लागते. प्रतिमा खुल्या करण्यामागे एक गमतीदार अडचणही होती: चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्राच्या पिवळट पडलेल्या इतक्या प्रती इंटरनेटवर फिरत होत्या, की संग्रहालयाच्या दुकानातले खऱ्या रंगांचे कार्डच लोकांना खोटे वाटू लागले होते.

एक गोष्ट मात्र पडद्यावर हमखास हरवते, ती म्हणजे आकार. ती दूधवाली जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीच्या कॅनव्हासवर आहे, तर 'नाइट वॉच'ची रुंदी साडेचार मीटरच्या आसपास आहे. संकेतस्थळावर दोन्ही चित्रे सारख्याच चौकटीत बसतात आणि मापे खाली बारीक अक्षरांत उरतात, जी फारसे कोणी वाचत नाही. चित्राशेजारी माणसाची साधी बाह्याकृती त्याच प्रमाणात काढून दाखवली, तरी हा घोटाळा एका नजरेत मिटतो.