जुगाराचं कर्ज घरच्यांनी फेडावं का?

“एवढं एकदा निस्तरा, परत हात लावणार नाही.” असं म्हणणारा बहुतेक वेळा मनापासूनच बोलत असतो. घरचे पाटल्या मोडतात, ठेव मुदतीआधी तोडतात, कर्ज फिटतं. काही महिन्यांनी वसुलीचे फोन पुन्हा सुरू होतात.

याचं कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेने २०१३ साली जुगाराला दारू-ड्रग्जच्या पंगतीत बसवलं. तिथल्या नऊ लक्षणांपैकी चार वर्षभरात दिसली, तर निदान होतं. हरलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं हे त्यातलं एक. पैशांच्या अडचणीतून सुटायला इतरांवर भिस्त ठेवणं हे दुसरं. म्हणजे घरच्यांनी केलेली सुटका आजारातच जमा होते. कर्ज मिटलं की हरल्याची धग जाते, जिंकलेल्या डावाची आठवण मात्र टिकते. शिवाय जुनं कर्ज बंद झाल्यावर नवं मिळणं सोपं होतं.

म्हणून फेडण्याआधी मोजा. पहिल्यांदा सांगितलेला आकडा सहसा अपुरा असतो. कुणावर किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो त्याने स्वतः, तुमच्यासमोर काढावा. सावकार, मित्र, पगारावरची उचल यांतलं काही त्यात दिसत नाही. त्यासाठी बँकेचा वर्षभराचा उतारा ओळ न् ओळ वाचावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण लपवलेलं कर्ज राहिलं तर तेच फेडायला तो पुन्हा डाव मांडतो. यादी झाली की हप्ते त्याच्याच पगारातून जावेत, मात्र पैसे त्याच्या हाती न देता थेट बँकेत भरावेत.

रोजच्या खर्चासाठी, त्याच्या संमतीने, यूपीआय सर्कल वापरता येतं. खातं तुमचं, खर्च तो करणार, आणि अंशतः अधिकार दिला असेल तर प्रत्येक व्यवहाराला तुमची मंजुरी लागते. त्याच्या स्वतःच्या खात्याचं यूपीआय चालू राहिलं, तर हा सगळा बंदोबस्त फुकट.

जामीन राहू नका. करारात वेगळं काही नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही केली नसेल, तर सज्ञान मुलाचं किंवा नवऱ्याचं कर्ज केवळ नात्यामुळे तुमच्यावर येत नाही, वसुलीवाला काहीही म्हणो. नवरा स्त्रीधन विकू लागला, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तो आर्थिक छळ ठरू शकतो. संयुक्त खातं किंवा लॉकर परस्पर वापरायला मनाई करणारा आदेश कोर्टाकडून मिळवता येतो. अर्जासाठी संरक्षण अधिकारी मदत करतात.

कर्ज उघडं पडतं ते दिवस सगळ्यांत धोक्याचे. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, तातडीने दवाखाना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या भीतीपोटी डॉक्टरांपासून काही लपवू नये.

तो उपचाराला तयार नसला, तरी घरच्यांनी स्वतःसाठी मदत घ्यावी. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीत केंद्रस्थानी नातेवाईकच असतो: त्याचं ऐकून घेणं, माहिती देणं, तो आज कसं निभावतो ते तपासणं, आधाराची माणसं शोधणं, पुढची गरज ठरवणं. निभावण्याचे तीन ढंग त्यात मांडले जातात: सोसत राहणं, सामोरं जाणं, अंतर राखणं. कोणताच सरसकट बरोबर नाही. प्रत्येकाचा फायदा-तोटा त्या घरापुरता तोलायचा. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी हीच पद्धत बेतून पाहिली, आणि समुपदेशन डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी केलं.